भरल्या गाडीची चाकं

वडीगोद्रीला महामार्गावर, जालन्याकडे फाटा फुटतो त्याच्या थोडे अलीकडे, महेमूदभाईंचे टायरचे दुकान आहे. दुकान म्हणजे पत्र्याची एक शेड, हवेचा कॉम्प्रेसर, पंक्चर शोधण्यासाठी पाण्याची लोखंडी टाकी, दोन जॅक आणि बाहेर एकावर एक रचलेले जुने टायर. महेमूदभाईंनी हे दुकान वयाच्या चोविसाव्या वर्षी सुरू केले. आज ते चौसष्ट वर्षांचे आहेत. या चाळीस वर्षांत त्यांनी दुसरा कोणताही व्यवसाय केला नाही आणि तसा विचारही त्यांच्या मनाला कधी शिवला नाही.

त्यांच्या कामाची एक रीत होती व ती या रस्त्यावरच्या सर्व ट्रकचालकांना ठाऊक होती. चाकाची तक्रार असलेला ट्रक ते रिकामा असताना कधीही तपासत नसत. "चाचा, गाडी टायर खाऊन राह्यली," असे म्हणत एखादा चालक खाली उतरला, की महेमूदभाई जागचे न हलता विचारीत, "भरलेली हाय का रिकामी?" रिकामी असेल तर ते म्हणत, "मंग माल भरून ये. रिकाम्या गाडीची चाकं सरळच दिसत्यात." दुसरे दुकानदार रिकाम्या गाडीला दोरी लावून, बोल्ट फिरवून अर्ध्या तासात मोकळे होत. महेमूदभाई मात्र भरलेल्या ट्रकच्या चाकांना सुतळी ताणीत, अंतर मोजीत. मग टायर उतरवून त्यावर डोळे मिटून तळहात फिरवीत. आधी आतून बाहेर, नंतर बाहेरून आत. एका बाजूने हात सरकला आणि दुसऱ्या बाजूने अडला, तर चाक फिरत नसून फरपटत आहे, हे त्यांना कळे. ओझे पडल्यावर चाकाच्या सांध्यातले रबरी बुश दबते आणि चाक तोंड फिरवते. ओझे उतरले, की तेच चाक पुन्हा सरळ उभे राहते.

ही विद्या त्यांनी आपल्या एकुलत्या मुलाला शिकवली नव्हती. आमेर लहानपणी दुकानात येऊन बसे, तेव्हा पंक्चर काढण्यापुरते त्याला हात लावू देत. चाकांचे मोठे काम आले, की ते म्हणत, "ऊठ. घरी जा. पुस्तक उघड." आमेर घरी गेला, त्याने पुस्तक उघडले आणि ते पुस्तक त्याला फार लांब घेऊन गेले. जालन्यात पदविका, संभाजीनगरला पदवी, कोइमतूरला मोटारींच्या शर्यतीच्या मैदानावर तीन वर्षे नोकरी, पुढे अमेरिकेत आणखी शिक्षण. आणि अखेर तेथील एका लहानशा शर्यत-संघात टायरचा अभियंता. बापाचे हात ज्या वस्तूवर चालले, त्याच वस्तूवर मुलाचेही चालले, एवढाच काय तो धागा राहिला होता.

मागच्या डिसेंबरमध्ये आमेरचा फोन आला. महेमूदभाईंचा उजवा खांदा त्या वर्षी फारच दुखू लागला होता. ट्रकचे टायर उचलण्याचे काम आता देवानंदच करीत असे. देवानंद हा चाळिशीचा, अंगाने आडवा, बोलायला मोकळा गडी. बारा वर्षांपासून तो दुकानात होता.

"अब्बा, एकाच हंगामाचा करार झालाय," आमेर म्हणाला. "जानेवारीपासून ऑक्टोबरपर्यंत लांब पल्ल्याच्या पाच शर्यती हायत. शेवटाला आमच्या वर्गात पहिल्या तिघांत आलो, तर मालक संघ पुढं चालवणार. न्हाईतर गाडी विकून मोकळा होणार."

"मंग तुझं?"

"मंग मी घरी येतो. दुकान सांभाळतो. तुमची कसम."

"कसम नको खाऊ. महिना सांग."

"ऑक्टोबर."

फोन ठेवल्यावर महेमूदभाईंनी पत्नीला हाक मारली आणि सगळे सांगितले. शकीलाबी तांदूळ निवडत होत्या. त्या म्हणाल्या, "म्हणजे पोरगा जिंकला तर तिकडं, हरला तर इकडं?"

"बराबर."

"आणि तुम्ही दुआ कोणती मागणार?"

महेमूदभाई नुसते हसले. परंतु मनातल्या मनात त्यांनी उत्तर देऊन टाकले होते. आमेर घरी यावा, एवढीच त्यांची इच्छा होती. मुलाचे वाईट व्हावे असे त्यांना मुळीच वाटत नव्हते. परंतु हरणे आणि घरी येणे ही त्या वर्षी एकाच रस्त्यावरची दोन गावे होती.

पहिली शर्यत जानेवारीच्या शेवटी, फ्लोरिडात डेटोना येथे, पुरी चोवीस तासांची. आपल्याकडे रविवारचे ऊन पडले होते, तेव्हा तेथे शनिवारची रात्र चालू होती. दुकानाशेजारी काकासाहेबांचे चहाचे हॉटेल आहे. त्यांच्या टीव्हीला देवानंदने आपला मोबाइल जोडला आणि सकाळी अकरापासून चारपाच जण बाकावर बसले. आमेरची गाडी पोपटी रंगाची होती व तिच्या दारावर मोठा अठ्ठावन्न आकडा होता. ती ओळखायला अडचण पडली नाही. अडचण वेगळीच पडली. दर चारपाच मिनिटांनी कुठून तरी जमिनीला चिकटलेली एक चपटी गाडी येई आणि पोपटी गाडीला बाजूला टाकून निघून जाई.

"आरं, गेली परत पुढं," काकासाहेब म्हणाले. "महेमूदभाई, पोरानं हँडब्रेक लावलेला ठेवला का काय?"

"त्यो चालवत न्हाई. त्यो टायर बघतो," महेमूदभाई म्हणाले.

"मंग हवा कमी भरली आसंल. घरचं वळण."

सगळे हसले. देवानंदने कोळशाचा तुकडा घेतला आणि भिंतीवर रेघा ओढायला सुरुवात केली. एक गाडी पुढे गेली, की एक रेघ. दुपारी चारपर्यंत एकसष्ट रेघा झाल्या. महेमूदभाईंनी सारे आयुष्य रस्त्याच्या कडेला काढले होते. जो पुढे गेला तो पुढे आणि जो राहिला तो मागे, एवढे त्यांना पक्के कळत होते. एकसष्ट वेळा मागे पडलेली गाडी पहिल्या तिघांत येणार नाही, याबद्दल त्यांच्या मनात तिळमात्र शंका उरली नाही. ते शांतपणे उठले, चौकातल्या पेंटरकडे गेले आणि त्यांनी दुकानाची नवी पाटी सांगितली. संध्याकाळपर्यंत ती वाळून तयारही झाली. "महेमूद टायरवाले आणि चिरंजीव." सोमवारी सकाळी सात वाजता देवानंदने ती शेडवर ठोकली.

आठ वाजता आमेरचा फोन आला. त्याचा आवाज बसला होता; दोन दिवस तो झोपला नव्हता. "अब्बा! दुसरे आलो! आमच्या वर्गात दुसरे!"

महेमूदभाई पाटीखाली उभे होते. "दुसरे? आरं, एकसष्ट गाड्या तुझ्या पुढं गेल्या. देवानंदनं मोजल्यात."

पलीकडून इतके मोठे हसू आले, की ते देवानंदलाही ऐकू गेले.

या गोष्टीचा उलगडा पुढच्या रविवारी सबिहाने केला. सबिहा ही त्यांची थोरली मुलगी. ती अंबडला शाळेत शिकवते आणि सुट्टीच्या दिवशी आईकडे येते. तिने पाटी पाहिली, कपाळाला हात लावला आणि वडिलांना समोर बसवून शाळेतल्या मुलाला सांगावे तसे सांगितले.

"अब्बा, त्या शर्यतीत चार वर्ग असतात. सगळे एकाच रस्त्यावर, एकाच वेळी सोडतात. चपट्या गाड्या वरच्या वर्गाच्या. आमेरची गाडी खालच्या वर्गातली, बाजारात मिळते तशा अंगाची. आता मला सांगा, उसाचा ट्रॅक्टर कारखान्याकडं निघाला आणि एसटी त्याच्या पुढं गेली, तर ट्रॅक्टरवाला रडतो का?"

"कशाला रडंल?"

"मंग तो कोणाकडं बघतो?"

"दुसऱ्या ट्रॅक्टरकडं. काट्यावर पयला नंबर कोणाचा लागतो त्याच्याकडं."

"तसंच हाय ते."

महेमूदभाईंना ते पटले नाही. "मंग समद्यांना एकत्र सोडायचंच कशाला? येगळं सोडावं."

"तीच तर मजा हाय, अब्बा. एसटी अंगावर आली, की तिला वाट द्यायची आणि आपला ट्रॅक्टर पण मागं पडू द्यायचा न्हाई."

पाटी उतरवावी असे काकासाहेबांनी सुचवले. महेमूदभाई म्हणाले, "रंग लावला तो लावला." देवानंद म्हणाला, "चाचा, तवर चिरंजीव म्हणून मला धरा. मी बी तुमच्याच हाताखाली मोठा झालो." त्यावरही सगळे हसले. महेमूदभाईंचे मन मात्र त्या दिवसापासून थोडे जड झाले.

मार्चमध्ये सेब्रिंग येथे बारा तासांची शर्यत झाली. तिचा शेवट आपल्याकडे रविवारी सकाळी आला. पोपटी गाडी आपल्या वर्गात पाचवी आली. आता महेमूदभाईंना शर्यत वाचता येऊ लागली होती. चपटी गाडी मागून आली, की पोपटी गाडीचा चालक वळणाच्या आधी अंग चोरतो, तिला आत घेतो आणि लगेच तिच्या मागच्या हवेत शिरून आपला वेग राखतो, हे त्यांनी स्वतः हेरले. भरधाव वाहनाला वाट देऊनही आपला वेग राखणे ही त्यांच्या दृष्टीने मोठीच कारागिरी होती. त्यांनी ते काकासाहेबांना समजावून सांगितले. काकासाहेबांनी ते गिऱ्हाइकांना, जणू स्वतः शोधून काढल्यासारखे, सांगितले.

जूनमध्ये न्यूयॉर्क राज्यात सहा तासांची शर्यत झाली. तिचे चित्रण त्यांनी दुसऱ्या दिवशी पाहिले. त्यात पोपटी गाडी तिसरी आली, परंतु शेवटच्या तासात वरच्या वर्गातल्या एका गाडीने तिच्या मागच्या उजव्या चाकाला धक्का दिला. गाडी गिरकी घेऊन सरळ झाली आणि पुढे निघाली. हंगामाच्या हिशेबात आमेरचा संघ तेव्हा दुसऱ्या क्रमांकावर होता. शकीलाबींनी शेवया केल्या. महेमूदभाईंनी त्या खाल्ल्या आणि ते म्हणाले, "चांगल्या झाल्यात." ते शेवयांबद्दल बोलत आहेत, हे शकीलाबींना कळले, आणि ते दुसऱ्या कशाबद्दलही बोलत नाहीत, हेही कळले.

सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात इंडियानापोलिस येथे सहा तासांची शर्यत झाली आणि सारे फिरले. पोपटी गाडी पाच तास दुसरी होती. शेवटी तिचा वेग अचानक पडला. जणू कोणी तिला मागून धरले आहे, अशी ती चालू लागली. ती सातवी आली. संघ हंगामात चौथ्या क्रमांकावर घसरला. आता एकच शर्यत उरली होती.

मंगळवारी आमेरने चार छायाचित्रे पाठवली आणि मागोमाग फोन केला.

"अब्बा, मागचं उजवं टायर बघा. पहिले अर्धा तास बिलकुल चांगलं चालतं. मंग शेवटच्या पंधरा मिनिटांत संपून जातं. जूनपासून सरावात बी असंच होऊन राह्यलंय. हवेचा दाब बघितला, ताप बघितला. चाकं चार वेळा मोजली, सरळ हायत. सगळे टायरलाच नावं ठेवून राह्यले. तुम्हाला काय दिसतं?"

महेमूदभाईंनी चश्मा चढवला. चित्र दोन बोटांनी मोठे केले. टायर नक्षी नसलेला, गुळगुळीत जातीचा होता. असा टायर त्यांनी आयुष्यात कधी हाताळला नव्हता. परंतु त्याच्या आतल्या कडेला रबरावर बारीक बारीक रेषा होत्या, कंगव्याच्या दातांसारख्या, आणि साऱ्या एकाच बाजूला झुकलेल्या. चाक फरपटत होते. जूनच्या धक्क्याने आतले काहीतरी ढिले झाले होते. मोजताना गाडी रिकामी उभी होती, म्हणून चाक सरळ दिसत होते. वेगात, वळणात, हवेच्या आणि वजनाच्या ओझ्याखाली तेच चाक तोंड फिरवीत होते. हे सगळे कळायला त्यांना एका घोटाभर चहाचाही वेळ लागला नाही.

"फोटोत नीट कळत न्हाई रे," ते म्हणाले.

"बघा ना जरा."

"न्हाई कळत. उजेड बराबर न्हाई."

आमेर म्हणाला, "ठीक हाय, अब्बा. तब्येत सांभाळा," आणि त्याने फोन ठेवला.

महेमूदभाईंनी मोबाइल सदऱ्याच्या खिशात घातला. त्यांनी काही वाईट केले, असे त्यांना त्या क्षणी वाटले नाही. त्यांनी फक्त एक वाक्य सांगितले नव्हते. मुलाला शेवटी घरीच यायचे होते. तो ऑक्टोबरला येईल. शकीलाबींच्या हातचे जेवेल. दुकान पुढे चालेल. यात कोणाचे काय बिघडत होते? असे त्यांनी स्वतःला त्या दिवशी सांगितले, दुसऱ्या दिवशीही सांगितले. तिसऱ्या दिवसापासून ते पुन्हा पुन्हा सांगावे लागू लागले.

या दिवसांत ते देवानंदवर दोनदा विनाकारण ओरडले. चहा थंड आहे म्हणून काकासाहेबांना परत पाठवला. तो थंड नव्हता. नमाजाला गेले, तर कोणती दुआ मागावी, हे त्यांना सुचेना. हात उघडून ते नुसतेच बसून राहिले.

नवव्या दिवशी सकाळी रामकिसन आला. तो मोसंबीचा ट्रक घेऊन इंदूरला निघाला होता. वीस वर्षांपासूनच्या ओळखीचा चालक. हवा भरायला थांबला आणि उतरताच म्हणाला, "चाचा, जरा जल्दी करा. संध्याकाळच्या आत घाट वलांडायचाय."

महेमूदभाईंनी सवयीप्रमाणे सगळ्या चाकांवरून नजर फिरवली आणि पुढच्या डाव्या टायरपाशी ते थांबले. खाली वाकले, टायरच्या बाजूवर अंगठा दाबला.

"हा घाटात फुटंल."

"आवो, कालच बघितला, चांगला हाय."

"फुटंल. फोड आलाय आतून. बदलून जा."

"चाचा, दोन तास जात्याल. मोसंबी हाय, मंडी काय थांबत न्हाई माझ्यासाठी. चालंल म्हणा की!"

"चालणार न्हाई."

रामकिसनने डोक्यावरची टोपी काढली, पुन्हा घातली, लिंबाखाली जाऊन बसला आणि तिथून म्हणाला, "बदला. दुसरा कोणी बोलला आसता, तर शिव्या घालून गेलो आसतो. पर तुम्ही टायराबद्दल कधी खोटं बोलत न्हाई."

"गप बस!" महेमूदभाई एकदम ओरडले. "बोलायला कोणी सांगितलं तुला?"

रामकिसन चकित होऊन देवानंदकडे पाहू लागला. देवानंदने खांदे उडवले आणि हळूच म्हटले, "आठ दिवस झाले, असंच चालून राह्यलंय. तुम्ही मनाला लावून घेऊ नका."

दुपारी महेमूदभाई जेवायला घरी गेले. शकीलाबींनी भाकरी वाढली आणि त्या समोर बसल्या. एरवी त्या चुलीपाशीच बसत.

"आमेरनं काय विचारलं होतं तुम्हाला?"

"कधी?"

"त्या मंगळवारी. टायराचा फोटो पाठवला होता तेव्हा."

"तुला कोणी सांगितलं?"

"त्यानंच. म्हणाला, अम्मी, अब्बांची नजर कमी झाली का? डॉक्टरकडं घेऊन जा." त्या थांबल्या. "काल माझ्या सुईत दोरा कोणी ओवून दिला, अजी? तुम्हीच ना? चश्म्याशिवाय."

महेमूदभाईंनी घास हातातच धरला.

"मला बी पोरगा पाहिजे," शकीलाबी म्हणाल्या. "तुमच्यापेक्षा जास्तच पाहिजे. पर असा नको. असा आला, तर मी त्याच्या ताटात भाकरी कशी वाढू?"

त्या उठून आत गेल्या. महेमूदभाईंनी जेवण पुरे केले, कारण अन्न टाकणे त्यांना मान्य नव्हते. मग ते दुकानात परतले.

संध्याकाळी साडेसहाला अमेरिकेत सकाळचे नऊ वाजतात. शेडच्या मागे, जुन्या टायरांच्या ढिगावर बसून त्यांनी फोन लावला.

"आमेर, ती गाडी मोजली, तेव्हा भरलेली होती का रिकामी?"

"रिकामी? अब्बा, शर्यतीच्या गाडीत काय माल भरणार? चालक बसवतो, तेवढंच."

"पळताना तिच्यावर किती ओझं पडतं?"

आमेर सावकाश म्हणाला, "भरपूर. वरून हवा दाबते, वळणात सगळं वजन एका बाजूला जातं."

"मंग तेवढं ओझं तिच्यावर ठेव आणि मंग सुतळी लाव. रिकाम्या गाडीची चाकं सरळच दिसत्यात. मागच्या उजव्या बाजूचं बुश गेलंय, जूनला धक्का बसला तेव्हापासून. टायर काढला, की डोळे मिटून हात फिरव. बाहेरून आत सरकंल, आतून बाहेर अडंल. अडला, तर माझं खरं."

पलीकडे कोणीतरी इंग्रजीत हाक मारली. आमेर तिकडे गेला नाही.

"अब्बा, हे तुम्हाला आत्ता सुचलं, का फोटो बघितला तेव्हाच कळलं होतं?"

महेमूदभाईंनी महामार्गाकडे पाहिले. कापसाची एक गाडी हळूहळू चढ चढत होती.

"तेव्हाच."

"मंग नऊ दिवस..."

"तू घरी यावास, असं वाटलं."

कापसाची गाडी चढ चढून दिसेनाशी झाली. मग आमेरचा आवाज आला, लहानपणी दुकानातून घरी पाठवल्यावर यायचा तसा. "मला बी कधी कधी वाटतं, अब्बा. पर असं न्हाई."

"तुझी अम्मी बी तेच म्हणाली. जा आता. हात फिरव."

दुसऱ्या दिवशी आमेरने कळवले, की गाडीवर वाळूची पोती ठेवून मोजले, तर उजवे चाक तीन मिलिमीटर बाहेर वळले. संघाच्या मुख्य मिस्त्रीने विचारले, तुझे वडील कोणत्या संघात काम करतात? आमेरने सांगितले, वडीगोद्री. मुख्य मिस्त्रीने मान डोलावली. अमेरिकेतली सगळी गावे त्याला ठाऊक थोडीच होती.

शेवटची शर्यत अटलांटाजवळ, दहा तासांची. आपल्याकडे ती ऑक्टोबरमधल्या रविवारी सकाळी आठच्या सुमारास संपणार होती. सहा वाजताच काकासाहेबांचे हॉटेल भरले. सबिहा अंबडहून आदल्या दिवशीच आली होती. शकीलाबी हॉटेलात कधी बसत नाहीत. त्या घरी मोबाइलवर पाहत होत्या.

पोपटी गाडी तिसरी चालली होती. तिच्या पुढे एक निळी, मागे एक पांढरी. दोन्ही तिच्याच वर्गातल्या. शेवटचा पाऊण तास उरला. या वेळेला टायर संपतात, हे आता हॉटेलातल्या प्रत्येकाला माहीत झाले होते. दोन चपट्या गाड्या मागून आल्या.

"गेली पुढं!" एक नवखा माणूस ओरडला.

"वरच्या वर्गातली हाय ती, सोडून द्या," काकासाहेब त्याच्याकडे न पाहता म्हणाले. "आपल्याला निळीशी घेणं."

महेमूदभाई टीव्हीच्या अगदी जवळ बसले होते. पोपटी गाडी वळणाला आली, की त्यांचा उजवा हात गुडघ्यावर आपोआप दाबला जाई. मागचे चाक धरून होते. फरपटत नव्हते. पुढच्या वळणातही नव्हते. "त्याला जाऊ दे," ते ओठांतल्या ओठांत पुटपुटत होते, "चपटीला जाऊ दे, तू निळीच्या आत शीर. हां. आता. आता जा." सबिहाने वडिलांकडे पाहिले. दहा महिन्यांत प्रथमच ते पोपटी गाडी पुढे जावी म्हणून बोलत होते, आणि हे त्यांच्या स्वतःच्या ध्यानातही आलेले नव्हते.

अठरा मिनिटे उरली असताना पोपटी गाडी निळीच्या पुढे गेली. देवानंदने बाकावर मूठ आपटली. शेवटपर्यंत तिचा वेग तसूभरही कमी झाला नाही. ती आपल्या वर्गात दुसरी आली. हंगामाची बेरीज पडद्यावर आली, तेव्हा सबिहाने ती वाचली, पुन्हा वाचली आणि म्हणाली, "तिसरे. हंगामात तिसरे. आठ गुणांनी."

काकासाहेबांनी सर्वांना चहा दिला. लोकांनी महेमूदभाईंचा हात हातात घेतला. त्यांनी प्रत्येकाला "मेहेरबानी" म्हटले. मग देवानंदला दुकान उघडायला सांगून ते घरी निघाले.

ओसरीवर पोहोचेपर्यंत फोन वाजला. पलीकडे फार गोंगाट होता.

"अब्बा, मालकानं आत्ताच सगळ्यांसमोर सांगितलं. संघ राहणार. माझा करार दोन वर्षांचा."

"मुबारक," महेमूदभाई म्हणाले. त्यांचा आवाज स्थिर होता आणि तो शब्द त्यांनी मनापासून उच्चारला. "टायर चांगला चालला."

"अब्बा, मी येणार न्हाई आता."

"मला ठाऊक हाय. मी बघत होतो. जा, लोक बोलावून राह्यले तुला."

आत शकीलाबी जमिनीवर लसूण सोलत बसल्या होत्या. त्यांनी पदराने डोळे पुसलेले दिसत होते. मोबाइल भिंतीला टेकवून ठेवला होता. पडदा काळा झाला होता. चाळीस वर्षांत ते स्वयंपाकघरात पाणी प्यायलाही क्वचितच गेले होते. खांद्याला सांभाळत ते हळूच खाली बसले आणि त्यांनी लसणाची एक गड्डी उचलली.

त्यांची नखे काळ्या रबराने भरलेली होती. पहिल्या पाकळीचे साल निघता निघेना.

"असं न्हाई," शकीलाबी म्हणाल्या. "आधी बुडखा मोडायचा. बघा. मंग ते आपोआप सुटतं."

महेमूदभाईंनी दुसरी पाकळी घेतली. बुडखा मोडला. साल सुटले.

"दुपारला दोघांचंच करायचं ना?" त्यांनी विचारले.

"सबिहा हाय की आज. उद्यापासून दोघांचं."

"मंग एवढा लसूण कशाला?"

"मला वाटलं होतं, पोरगा येईल, चटणी लागंल," शकीलाबी म्हणाल्या. थोड्या वेळाने त्यांनी आपल्या पुढ्यातला अर्धा ढीग त्यांच्याकडे सरकवला, आणि दोघे जण खाली माना घालून सोलत राहिले.